डाव्या पायाचं तेल

जांभळी गावात मोटार एकच होती आणि ती चालवणारा माणूसही एकच. मोटार गुणवंतराव ठेकेदारांची आणि माणूस लटारू. गुणवंतराव बांबूचे, सागवानाचे ठेके घ्यायचे. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही मोटार उचलली. ती चालवायची कोणी, हा विचार त्यांनी घरी आल्यावर केला. लटारू तेव्हा त्यांच्या बांबूच्या बैलगाड्यांवर होता. त्याआधी चांद्याला एका लॉरीवाल्याकडे क्लीनर म्हणून राहून, मार खात खात का होईना, तो गाडी शिकून आला होता. गुणवंतरावांनी चावी त्याच्या हाती दिली आणि त्या दिवसापासून लटारूची चालच बदलली.

बदलणारच. वैनगंगेच्या या काठाला मालकाच्या पुढे बसणारा दुसरा होता कोण? पाटील शेजारी बसायचा, गुमास्ता खाली बसायचा, आणि लटारू मालकाकडे खुशाल पाठ करून पुढे बसायचा. या एका सुखावर तो दहा वर्षं जगला.

स्वभाव सरळ सांगायचा तर खडूस. मोटारीशी बोलेल ते गोड आणि माणसांशी बोलेल ते तुसडं. लग्नाच्या वरातीत गावानं मोटार मागून आणली, तर नवरदेवालासुद्धा त्यानं सुनावलं होतं, "पाय झटकून बस गा." पाने-पकडी, रबरं, तेलाचे डबे, सगळं तो मालकाच्या कोठीत न ठेवता स्वतःच्या घरच्या कोनाड्यात ठेवायचा. म्हणायचा, "कोठीत दहा जनाचे हात लागते. माझ्या घरी कोनी हात लावत नाई." हे त्याचं बोलणं लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र त्यानं गावापासून चोरून ठेवली होती. त्याचा डावा गुडघा दुखायचा. मोटारीचा क्लच डाव्या पायानं दाबायचा, ब्रेक उजव्यानं. त्या लष्करी मोटारीचा क्लच इतका कडक, की दहा वर्षं जंगलातले खड्डे आणि नाले काढता काढता लटारूचा डावा गुडघा पार कामातून गेला होता. उजवा पाय ठणठणीत होता. पण मालकाला पायाचं दुखणं कळलं तर तो डावा-उजवा थोडाच पाहणार आहे? चावी जाईल, एवढंच लटारूला दिसायचं. म्हणून मालकासमोर तो ताठ चालायचा आणि घरच्या ओसरीवर खांब धरून चढायचा. हे ठाऊक होतं एकट्या शकुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला. संध्याकाळची जेवणं झाली की ती चुलीपाशी बसून त्याचा गुडघा तेलानं चोळायची. कुठलं तेल, हे लटारूनं कधी विचारलं नाही. दुखणाऱ्या पायाला तेल लागत असताना त्याची चौकशी करणारा नवरा अजून जन्माला यायचा आहे.

या मोटारीचे ब्रेक तेलावर चालायचे. ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीत एक लहानशी टाकी. पेडल दाबलं की टाकीतलं तेल बारीक नळ्यांमधून चारी चाकांकडे जायचं आणि चाकं धरली जायची. त्या वर्षी पावसाळ्यात चिखलापाण्यानं आतली रबरं खाल्ली. दिवाळी झाल्यावर लटारूनं ती बदलली, जुनं तेल सगळं काढून टाकलं आणि घरच्या कोनाड्यातला डबा आणून नवं भरलं. पेडल असं झालं की उजव्या पायाचा अंगठा ठेवला तरी चाक थांबावं. लटारू खूश झाला आणि बऱ्याच दिवसांनी शकुबाईशी दोन शब्द बरे बोलला.

मार्गशीर्ष लागला आणि थंडी पडली. एका सकाळी गुणवंतरावांना चांद्याला जायचं होतं. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. पाणी उतरलं की लोक बांबू, लाकडं आणि माती टाकून रपटा बांधत, आणि त्या रपट्यावर जायला काठाचा चांगलाच खडा उतार होता. उतारावर पुढे तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, भरलेली एक बैलगाडी चालली होती. लटारूनं ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल हलेना. आणखी जोर लावला. पाय पेडलवर, पेडल जागच्या जागी, आणि मोटार आपली चालली खाली. त्यानं घाईनं गिअर टाकला, हातब्रेक ओढला, आणि मोटारीनं तोंड नेऊन गाडीवरच्या तणसात खुपसलं. लागलं कोणाला नाही. गुणवंतरावांच्या टोपीत आणि कोटाच्या खिशात मात्र तणस गेलं.

"बिरेक लागलाच नाई, मालक," लटारू म्हणाला. "पायडल गोटा झालं होतं."

गुणवंतराव तणस झटकत राहिले.

नदी ओलांडून व्याहाड, सावली, मूल करत चांद्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. शहराच्या परकोटाबाहेर भैयाजी मिस्त्रीचा कारखाना होता. भैयाजीनं मोटारीत बसून पेडल दाबलं. ते अगदी शहाण्यासारखं खाली गेलं. त्यानं फळी काढून टाकीत डोकावलं. तेल काठोकाठ होतं. चाकं उचलून पाहिली, तीही बरोबर धरत होती. भैयाजी मूळचा उत्तरेकडचा, चांद्यात जन्म गेलेला आणि थट्टेखोर. हात पुसत तो म्हणाला, "लटारूभाऊ, पायडल तो मक्खन आहे. तुमचाच पाय जाम झाला असंन."

तो हसण्यावारी बोलला, पण गुणवंतराव शेजारी उभे होते आणि त्यांनी ते ऐकलं. परतीच्या वाटेवर ते सारखे लटारूच्या पायाकडे पाहत होते, आणि लटारूला पाठीमागून ते पाहणं जाणवत होतं.

तिथून लटारूचे जे हाल सुरू झाले ते विचारू नका. रोज पहाटे तो मोटारीत बसून पेडल दाबायचा. ते हलायचं नाही. स्टिअरिंग धरून दोन्ही पायांनी वर उभा राहायचा, तरी नाही. आणि दुपारी सहज म्हणून पाय टेकवला की पेडल मुकाट्यानं खाली. त्यानं सगळे सांधे सोडवून वंगण दिलं. चाकांच्या आतले पट्टे ढिले केले. भैयाजीकडून नवी रबरी नळी आणून बसवली. टाकीतलं तेल दुपारच्या उजेडात पुन्हा पुन्हा पाहिलं. पहाटे पेडलचं ते दगड होणं काही चुकलं नाही. मोटारीला गोड बोलणारा लटारू आता तिला शिव्या देऊ लागला, आणि माणसांना द्यायच्या शिव्या होत्याच.

"मालक, एक डाव सकाळीच या अन् तुमीच दाबून पाहा," तो गुणवंतरावांच्या मागे लागला. शेवटी एकदा ते आले. पण त्यांचं सकाळी येणं म्हणजे आंघोळ, पूजा, चहा आणि चार माणसांशी बोलणं उरकून येणं. तोवर उन्हानं अंगण भरलं होतं आणि मोटारीचा पत्रा तापला होता. मालकांनी धोतर सावरून पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"हे तर माझ्या पायानंही दबते, लटारू."

"आता दबते, मालक. मघा दबत नव्हतं."

"मघा म्हनजे कधी? मी नसतो तवा?"

लटारूच्या डोक्यात संताप मावेना. एकदा चांद्याला मुक्काम पडला, तेव्हा त्याला वाटलं, बरं झालं, भैयाजी आता पहाटेच पाहील. त्यानं मोटार कारखान्यातच लावायला सांगितली. भैयाजीनं ती आतल्या पत्र्याच्या खोलीत भट्टीशेजारी लावली, थंडी लागू नये म्हणून. पहाटे लटारू मोठ्या आशेनं मोटारीत चढला आणि पेडल लगेच खाली गेलं. भैयाजीनं जांभई दिली आणि तो परत झोपायला गेला.

गावातही कुजबुज झाली. लटारू थकला, लटारूच्या पायात जोर राहिला नाही. पारावरची माणसं तो येताना गप्प व्हायची आणि त्याच्या चालण्याकडे बघायची. कितीदा त्याच्या अगदी ओठावर आलं होतं, की बाप्पाहो, दुखतो तो डावा आहे आणि ब्रेक दाबतो तो उजवा. पण असं बोलणं म्हणजे आपल्या हातानं मालकाला चावी देणं. मग तो तोंड मिटून पुढे जायचा, आणि ताठ चालण्याच्या नादात डाव्या गुडघ्यातून कळ निघायची.

पौषात गुणवंतरावांनी राजुऱ्याकडून पोचू नावाचा तरणा ड्रायव्हर बोलावला. खाणीवर कोळशाच्या लॉऱ्या चालवलेला, खिशात कंगवा ठेवणारा. तो भर दुपारी आला, मोटारीत बसला, गावाला एक चक्कर मारून आला.

"ब्रेक तो बढिया है, मालक," तो खाली उतरून म्हणाला. "कुछ खराबी नाई."

"दुपारी बढियाच रायते," लटारू म्हणाला. "पहाटं दाब."

"पहाटं दाबंनच तो," गुणवंतराव म्हणाले. "उद्या चांद्याले जंगलाचा लिलाव आहे. सकाळीच निघा लागन. पोचू चालवन. तू मागं बस."

तू मागं बस. यापेक्षा त्यांनी घरी जा म्हटलं असतं तरी चाललं असतं. लटारू घरी आला, ओसरीवर बसला आणि संध्याकाळी जेवताना त्यानं अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली. शकुबाईनं गुडघा चोळायला तेल आणलं, तर म्हणाला, "राहू दे. कायले पायाची सेवा करतं? उद्यापासून त्याचं काही काम नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो चुलीपुढे शेकत बसला होता. शकुबाई वाटेसाठी भाजी फोडणीला टाकत होती. घरचं तेल टोरीचं. टोरी म्हणजे मोहाच्या बिया. जंगलकाठच्या घरांमध्ये तेव्हा दिवाही तिच्या तेलाचा आणि भाजीही तिच्याच तेलाची. शकुबाईनं तेलाची वाटी कढईवर उलटी धरली. तेल पडेना. तुपासारखं पांढरं थिजून वाटीला चिकटलं होतं.

"थांबा जरा, तेल गोठलं," ती म्हणाली आणि तिनं वाटी निखाऱ्याशेजारी सरकवली. थोड्या वेळानं पुन्हा उचलली, तर तेल पाण्यासारखं ओघळलं.

हे तो लहानपणापासून दर हिवाळ्यात पाहत आला होता. पण आज तो त्या वाटीकडे पाहतच राहिला. थंडीत दगड आणि ऊब लागली की पाणी. पहाटे घट्ट आणि दुपारी सैल. भैयाजीच्या भट्टीशेजारी तर पहाटेही सैल. तो उठला, कंदील घेतला आणि मालकाच्या अंगणात जाऊन मोटारीची फळी काढली. टाकीचं झाकण उघडलं. आत बोट घालायला गेला, तर बोट जाईना. पांढरा गोळा. नखानं थोडं खरवडून त्यानं नाकाशी नेलं. टोरी.

इतके दिवस हा वास आपल्याला कसा आला नाही, याचं आधी त्याला नवल वाटलं, मग राग आला. पण येणार कसा? ज्याच्या कपड्याला टोरी, भाजीला टोरी, त्याच्या नाकाला टोरीचा वास म्हणजे घरचाच वास. मोटारीत हा वास येण्याचं कारण नाही, एवढं त्याला दुपारच्या उजेडात कधी सुचलं नव्हतं.

तो घरी परतला आणि बोट बायकोपुढे धरलं.

"मोटारीत टोरीचं तेल कुठून आलं?"

"मले काय माहीत?" शकुबाई म्हणाली. "मी तुमच्या मोटारीले कधी हात लावली?"

लटारूनं कोनाड्यातला डबा उचलून तिच्यापुढे आपटला. "अन् याले?"

शकुबाईनं डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिचा आवाज बारीक झाला. "तुमीच तर म्हटलं होतं, बिरेकचं तेल म्हनजे एरंडीचंच रायते. एरंडीचं तेल सांध्याले चांगलं म्हनून मी तेच तुमच्या गुडघ्याले लावत होती. डबा खाली दिसला तर तुमी चिल्लावसान. म्हनून जेवढं काढलं तेवढं आपलं टोरीचं टाकत गेली."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. गुडघ्याले आराम तर पडला ना?"

आराम पडला होता, आणि लटारूला नेमकं तेच सहन होईना. चांद्याहून आणलेलं ब्रेकचं तेल त्याच्या गुडघ्यात मुरलं होतं, भाजीचं तेल मोटारीच्या नळ्यांत भरलं होतं, आणि ते भरलं होतं त्यानं स्वतः, स्वतःच्या हातानं, वर खूश होऊन. तो ओरडायला तोंड उघडून उभा राहिला. ओरडायचं कोणावर, हे न कळल्यामुळे त्यानं ते मिटून घेतलं.

"मालकाले सांगून टाका," शकुबाई म्हणाली.

"काय सांगू? डबा माझ्या घरचा, टाकनारा हात माझा, अन् गुडघाही माझाच. कुठूनही धरा, मीच सापडतो."

घरात ब्रेकचं तेल थेंबभर उरलं नव्हतं आणि मालक निघायची वेळ झाली होती. त्यानं ठरवलं, आता कसंही करून हे तेल पातळ करायचं, चांद्याला पोचायचं, भैयाजीला बाजूला घेऊन सगळं काढून नवं भरायचं आणि कोणाजवळ काही बोलायचं नाही. शकुबाईनं चुलीवर पाण्याचा हंडा चढवला. कढत पाणी आणून दोघांनी टाकीवर, नळ्यांवर, चारी चाकांवर ओतलं. लटारू मोटारीखाली पडून फडक्यानं नळ्या शेकत राहिला. पेडल हळूहळू खाली जाऊ लागलं. ओसरीवर कांबळं पांघरून बसलेला पोचू हे सगळं पाहत होता.

गुणवंतराव आले. पोचूनं पुढे बसून पेडल दाबलं. दबलं.

"पाय असा पाहिजे," गुणवंतराव म्हणाले आणि मागे लटारूच्या शेजारी बसले. दहा वर्षांत लटारू पहिल्यांदा मागे बसला होता. पुढे पोचूची तेल लावलेली मान दिसत होती. त्या मानेकडे पाहत त्यानं गाव ओलांडलं.

नदीच्या काठाशी आले तर गाड्यांची रांग. रपट्यावर एका गाडीचं चाक रुतलं होतं आणि धानाची पोती उतरवून माणसं ते काढत होती. पोचूनं उताराच्या तोंडाशी मोटार बंद केली. सूर्य नुकता वर आला होता, पण ऊन नावाला आणि नदीवरचा वारा नुसता बोचत होता. तो मोटारीखालून इकडून तिकडे जात होता. गुणवंतरावांनी घोंगडी ओढून घेतली. लटारूला मात्र थंडीतही घाम फुटला. नळ्या निवत होत्या.

"पोचू," तो म्हणाला, "एक डाव पायडल दाबून पाहा."

"अभी तो देखा, लटारूभाऊ."

"तवा पाहिलं. आता पाहा."

"लटारू, गप बस ना गा," गुणवंतराव म्हणाले. "त्याले त्याचं काम करू दे."

तेवढ्यात चाक निघालं. रांग हलली. एकामागून एक गाड्या उतारावरून खाली जाऊ लागल्या, गाड्यांवर बायका आणि लेकरं बसलेली. पोचूनं मोटार चालू केली. आता बोलून भागणार नव्हतं. लटारूनं दार उघडलं, खाली उडी टाकली, डाव्या गुडघ्यातून कळ मस्तकात गेली, आणि तो लंगडत जाऊन मोटारीच्या तोंडापुढे उभा राहिला. ताठ चालायचं त्याला भान राहिलं नाही.

"आधी पायडल दाब," तो म्हणाला. "मग घाल माझ्या अंगावर."

पोचूनं वैतागून पेडलवर पाय मारला. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं दुसरा पाय उचलून तोही वर ठेवला. "नाई दबता, मालक," तो हळूच म्हणाला. "पत्थर है."

गुणवंतराव उतरले, पुढे येऊन बसले आणि पहिल्यांदाच थंडीतलं ते पेडल त्यांनी स्वतःच्या पायानं दाबून पाहिलं. जोर लावून त्यांचं तोंड लाल झालं. लटारूनं ते पाहिलं. महिनाभर त्याला हेच हवं होतं. आता मालक वर बघतील आणि म्हणतील, लटारू, तुझंच खरं. एवढे तीन शब्द झाले असते तरी तो घरी पायी गेला असता.

गुणवंतरावांनी वर पाहिलं आणि विचारलं, "घरी तर चांगलं होतं. काय केलं तू?"

"मी?"

"ये सुबह गाडी के नीचे घुसले होते, मालक," पोचू म्हणाला. "मी पाहिलं. हंडा घेऊन. इनकी घरवाली भी साथमे."

भोवती गाडीवान जमले होते. गुणवंतरावांची नजर अशी झाली, की लटारूला तिचा अर्थ विचारावा लागला नाही. चावी जाते म्हणून यानं मोटार बिघडवली, मालकाला नदीत घालायला निघाला, हेच त्या नजरेत होतं. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं?

त्यानं मोटारीची फळी काढून बाजूला टाकली, टाकी उघडली आणि पांढरा गोळा नखानं काढून मालकाच्या हातावर ठेवला. "हुंगा," तो म्हणाला.

गुणवंतरावांनी हुंगलं. "टोरी?"

"टोरी. माझ्या घरची. बिरेकचं तेल माझ्या घरवालीनं माझ्या गुडघ्याले लावलं, अन् डब्यात हे टाकलं. तिले ठाव नव्हतं, अन् मले वास नाई आला. मीच भरलं मोटारीत. सकाळी गरम पानी टाकून पातळ केलं, का चांद्याले नेऊन गुपचूप बदलावं. हे इतकंच केलं मी." आणि मग, कोणी विचारलं नसताना, तो जवळजवळ ओरडला, "अन् मालक, गुडघा दुखते तो डावा. बिरेक दाबते तो उजवा. उजव्याले काही झालं नाई."

मग मागचा एक गाडीवान म्हणाला, "म्हनजे मोटार भाजीच्या तेलावर अन् डायवर बिरेकच्या तेलावर?" आणि नदीचा सगळा काठ हसायला लागला. पोचूही हसला. गुणवंतराव हसू दाबत होते, पण त्यांचं पोट हलत होतं. लटारू मोटारीचा दांडा धरून उभा होता, आणि आपल्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य कोणाच्या तरी कानात शिरलं का, ते एकेका तोंडाकडे पाहून शोधत होता.

"आता खाली कोन नेते?" शेवटी गुणवंतरावांनी विचारलं. पोचू केव्हाच उतरून लांब उभा राहिला होता.

लटारू पुढे बसला. सगळ्या गाड्या पुढे जाऊ दिल्या, मालकांना पायी उतरायला सांगितलं आणि पहिल्या गिअरवर, हातब्रेक ओढत सोडत, महिनाभर सकाळच्या फेऱ्यांना उतरवत होता तशीच मोटार रपट्यावर उतरवली. क्लच दाबताना डावा गुडघा ओरडत होता. आता सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा त्यानंही तोंड वाकडं करून घेतलं.

चांद्याला भैयाजीनं नळ्या सोडल्या, स्पिरिटनं धुतल्या, रबरं बदलली, नवं तेल भरलं. हकिकत ऐकताना तो हसून हसून टायरवर बसला होता. लिलाव आटोपून गुणवंतराव आले आणि म्हणाले, "भैयाजी, तेलाचे दोन डबे द्या. एक मोटारीचा, एक लटारूच्या गुडघ्याचा." चावीचं कोणी काही बोललं नाही. येताना लटारूच पुढे बसला आणि पोचूला महिनाभरानं मालकांनी नव्यानं घेतलेल्या बांबूच्या लॉरीवर ठेवून घेतलं.

ती हकिकत मग वैनगंगेच्या दोन्ही काठांना पसरली. गुणवंतराव प्रत्येक लिलावात ती सांगायचे आणि दर वेळी तिच्यात थोडी भर घालायचे. त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, खांदा दुखतो म्हणून शकुबाईकडून त्या डब्यातलं वाटीभर तेल मागून नेलं. पोरंसोरं लटारूला टोरीवाला म्हणू लागली. पहाटे पेडल दाबलं की ते अंगठ्यानं खाली जायचं, आणि दर वेळी लटारूला नव्यानं राग यायचा.

पुढे पूल झाला, मोटार भंगारात गेली, लटारूचे दोन्ही गुडघे गेले. पारावर बसून तो ही हकिकत ऐकायचा आणि सांगणारा थांबला की काठी आपटून विचारायचा, "अन् उजवा पाय? त्याच्याबद्दल काय म्हनलं मालकानं?"

मालक त्याबद्दल कधीच काही बोलले नव्हते.